शेव्याच्या रांगेत, बॅटरी भरेपर्यंत

नवी मुंबईला जाऊन आले असं सांगितलं की आमच्या शाळेतल्या बाया आधी समुद्राचं विचारतात. समुद्र मी पाहिला, पण लांबून. ट्रकांच्या टपांवरून चमकणारी एक पट्टी, एवढाच. तिथल्या तीन दिवसांतला सगळ्यांत मोठा दिवस मी एका बॅटरीशेजारी बसून काढला. ज्यांना बागा आणि चौपाट्या वाचायच्या असतील त्यांनी दुसऱ्या कोणाचं वाचावं. माझ्याकडे बॅटरीचंच आहे.

मी अंबाजोगाईच्या पुढच्या एका खेड्यातली. आमच्या घरातली पहिली बी.एस्सी. हे मी सांगते, कारण ते सांगण्यासारखं आहे. आई गोधड्या शिवते. वडील गेले तेव्हा मी आठवीत होते आणि माझा मोठा भाऊ, विलासदादा, दहावीत. दोघांपैकी एकाचंच शिक्षण होणार होतं. माझे मार्क बरे होते, म्हणून दादा ट्रकवर क्लीनर म्हणून गेला. पुढे तो ड्रायव्हर झाला आणि न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनरची गाडी चालवू लागला. मी शास्त्राची शिक्षिका झाले.

दादा तीन दिवाळ्या घरी आला नव्हता. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. तालुक्याला वर्षातून एकदा नेत्रशिबिर भरतं, ते या वेळी मंगळवारी होतं. आईचं नाव मी घातलं होतं, पण आई अडून बसली.

"उलटंसुलटं झालं तर? पट्टी बांधायच्या आधी त्याचं तोंड बघू दे."

मी ऑपरेशनची सगळी माहिती सांगितली, भिंगाचं चित्र काढून दाखवलं. आई म्हणाली, "चित्र बी दिसंना मला." शेवटी गुरुवारी रात्री मी एसटीत बसले.

कोपरखैरणे, शुक्रवार

वाशीला उतरले तेव्हा नुकतं उजाडलं होतं. दादाचा पत्ता म्हणजे पत्ता नव्हता, गणित होतं. सेक्टर अमुक, ओळ तमुक, घर अमुक. आमच्याकडे "लिंबापाशी विचारा" म्हटलं की माणूस सापडतो. इथे सगळी घरं एका मापाची, एकाला एक चिकटलेली, आणि लिंब कुठेच नाही. पण गणित माझं चांगलं आहे. कोणाला न विचारता पोचले.

घर शेवंतामावशींचं. त्या मूळच्या महाडकडच्या, यजमान तुर्भ्याच्या कारखान्यात. त्यांच्या पोटमाळ्यावर दादा भाड्याने राहतो. मावशींनी मला आधी आंघोळीला पाणी दिलं आणि मग पुढ्यात भाताचा डोंगर आणि त्यावर सुक्या बोंबलाची आमटी. मी सहज विचारलं, "इथं ज्वारी मिळती का हो?"

"मिळते की. डॉक्टरांनी सांगितलेले लोक खातात," मावशी म्हणाल्या.

पोटमाळ्यावर दादाची ट्रंक, आरसा, दोरीवर दोन शर्ट. मी कॅसेटी शोधल्या. त्या दिसल्या नाहीत.

कॅसेटींचं सांगते. आईला लिहिता-वाचता येत नाही, आणि दुसऱ्याच्या हातून लिहून घेतलेलं पत्र तिला परकं वाटतं. म्हणून पहिल्या पगारात मी टेपरेकॉर्डर घेतला. दोन-तीन महिन्यांनी आईला समोर बसवायचं, तिने दादाशी बोलायचं, मी बटण दाबायचं, आणि तुर्भ्याला कामाला असलेल्या गावच्या पोराबरोबर कॅसेट धाडायची. आई भलतंच बोलायला लागली किंवा तिचा गळा भरला की मी बटण बंद करायची. "आई, नीट बोल. परक्या गावात आहे तो, त्याला बरं वाटेल असं बोल." मग आई पदराने तोंड पुसून नीट बोलायची. माझ्या कॅसेटींवर आवाज स्वच्छ यायचा. त्याचा मला अभिमान होता.

पोटमाळ्यावर एकही कॅसेट नाही म्हटल्यावर वाटलं, हरवल्या असतील त्याने. वाईट वाटलं.

दुपारी कोपऱ्यावरच्या पीसीओवाल्याने हाक मारली. दादाचा फोन होता, मावशींसाठी. मीच घेतला.

"दादा, मी नंदा."

पलीकडून गाड्यांच्या आवाजात, "कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. तुला न्यायला आले." आणि मी शिबिराचं सांगितलं, आई अडून बसल्याचं सांगितलं.

"डोळे? तिच्या डोळ्यांना काय झालं?"

"मोतीबिंदू. फोनवर किती सांगू? तू ये."

"कसा येऊ, बाई. भरलेला कंटेनर घेऊन चार दिवस रांगेत उभाय मी. उद्या संध्याकाळी लाइन हलणार म्हणायलेत, अन् आज बॅटरी बसली. उद्या गाडी हलली नाही तर बाजूला ओढतेत अन् शेवटी नेऊन लावतेत. मग अजून चार दिवस. भरली गाडी सोडून मला येता येत नाही."

"दुसऱ्या गाडीवरून चालू करून घे."

"मागचा पंजाबी एकदा करून देतो म्हणला. पण आत गेल्यावर तीन-तीनदा इंजिन बंद करायला लावतेत. दर वेळी कोण देतंय? इथल्या बॅटरीवाल्याकडं उद्या दिवसभर लाइट नाही."

पीसीओच्या मीटरवर आकडे पळत होते. मी म्हटलं, "तू तिथंच थांब." नंतर लक्षात आलं की तो दुसरीकडे जाणार तरी कुठे होता.

मावशींनी चहा ठेवता ठेवता उत्तर काढलं. "तळवलीचा बाळाराम मंडपवाला. त्याच्याकडे जनरेटर आहे. आमच्या नळाच्या भांडणात बोललाय तो मध्ये, माझं नाव सांग."

तळवली, शनिवार सकाळ

ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून, इमारतींच्या पोटात शिरल्यासारखं तळवली गाव आहे. दारात जाळी वाळत घातलेली, अंगणात मंडपाचे बांबू, आणि बांबूंवर बसून दाढी करणारे बाळारामकाका. साठीचे, काळे, कानात बाळी. मी सगळं सांगितलं. आईच्या डोळ्यांचंही सांगितलं. ते आरशातून ऐकत होते.

"जनरेटर मी कोनाच्या हातात देत नाय, बाय. मी सोताच येतंय. हलदीला लोक जनरेटर नेतात आन् पाऊस आला का घरात घेतात. एकदा असाच घरात घेतला. नवऱ्याची आत्या चक्कर येऊन परली, तिच्या मागं दोन पोरी. सगल्यांना वाटला देवी अंगात आली. मी आधी जनरेटर बंद केला, मग दारं उघरली. धूर दिसत नाय तरी मानूस मरते."

"कार्बन मोनॉक्साइड," मी म्हटलं.

"तोच असल." त्यांनी वस्तरा पुसला. "तू शिकलेली दिसतंस."

त्यांच्या टेम्पोत जनरेटर चढला. पेट्रोलवर चालणारा, दोरी ओढून सुरू करायचा, वर उचलायला दांडा. बाजूला लाल आणि काळ्या लांब वायरी, पेट्रोलचा डबा, डिस्टिल पाण्याच्या बाटल्या. मी पुढे काकांशेजारी बसले. निघताना त्यांनी समोरच्या चार मजली इमारतीकडे बोट दाखवलं.

"ती दिसते? तिच्याखाली माजा शेत हाय. भात यायचा असा, का आजूनपन नाकात वास हाय. आता त्याच्यावर तुमची लोकं झोपतात. झोपू देत. चांगली मानसा हायत."

तुर्भ्यापर्यंत दर फर्लांगाला वास बदलत होता. एका कारखान्याचा कुजल्यासारखा, पुढच्याचा गोड, त्याच्या पुढे डोळ्यांत झोंबणारा. बेलापूर मागे पडलं आणि उरणच्या बाजूला वळलो तसं सगळं एकदम मोकळं झालं. दोन्हीकडे मिठागरं, पांढऱ्या ढिगांच्या रांगा, मध्येच चिखलात एका पायावर उभे बगळे. आमच्याकडे एवढं मोकळं रान असतं, पण त्यात पाणी नसतं. आईला हे दाखवायला हवं होतं असं वाटलं. मग आठवलं, दाखवलं तरी तिला आता पांढऱ्यावर पांढरंच दिसेल.

न्हावा शेवा, शनिवार

रांग मी आधी ऐकली आणि मग पाहिली. नुसत्या गाड्या. पुढचं टोक दिसत नाही, मागचंही नाही. चार दिवसांत तिथे एक लांबट गाव वसलं होतं. चाकांच्या मध्ये स्टोव्ह, आरशांना टांगलेले टॉवेल, ट्रेलरखाली पत्ते, दोन गाड्यांना दोरी बांधून वाळत घातलेल्या लुंग्या. बाईमाणूस मी एकटीच. सगळे बाजूला सरून वाट देत होते.

दादा पायरीवर बसला होता. केस पांढरे झाले होते, कानांवरचे. तीन वर्षांत. मला पाहून उठला आणि हात लुंगीला पुसले.

"काय बीएस्सी."

"काय दादा."

एवढंच झालं. मी आईच्या हातचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी पुढे केली. त्याने पुडकं नाकाशी धरलं आणि तसंच ठेवलं.

"आधी बॅटरी," काका म्हणाले. "नंतर गल्यात परा."

जनरेटर कुठे ठेवायचा यावरून पहिली चकमक झाली. ऊन भाजत होतं, दादाला तो ट्रेलरखाली सावलीत हवा होता. काकांनी ऐकलंच नाही. रस्त्याच्या कडेला, वाऱ्याच्या तोंडाला, वायर पुरेल तितका लांब नेऊन सपाट जागी ठेवला. धुराचं तोंड खाडीकडे. मग मी पुढे झाले. हे मी दर वर्षी नववीला शिकवते. चावी काढून घेतली. बॅटरीची वजा बाजू, म्हणजे गाडीच्या अंगाला जोडलेली वायर, आधी सोडवली, म्हणजे पाना कुठे टेकला तरी ठिणगी नको. झाकणं उघडली. आत पत्रे उघडे पडले होते.

"पाणी कोणतं घालतोस यात?"

"पाणी म्हणजे पाणी. आपण पितो ते."

"आपण पितो ते तिला चालत नाही."

"लई नखरे हायत," दादा म्हणाला. पत्रे बुडतील इतकंच डिस्टिल पाणी घातलं. काकांनी काचेची पिचकारी आत बुडवली. याला ते ग्रॅव्हिटी बघणं म्हणतात. आतला तरंगता तुकडा बॅटरी भरलेली असेल तर हिरव्या पट्टीपर्यंत येतो, अर्धी असेल तर पांढऱ्या, आणि रिकामी असेल तर लालवर बसतो. तो लालच्याही खाली बसला.

लाल वायर अधिकला, काळी वजाला. आधी बॅटरीकडची टोकं, मग जनरेटरकडची, आणि सगळं घट्ट आहे हे पाहून मगच दोरी ओढायची. सोडवताना उलट, आधी जनरेटर बंद. कारण भरताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. दिसत नाही, वास नाही, पण तिथे एक ठिणगी पडली तर अ‍ॅसिड तोंडावर येतं. मी हे मोठ्याने सांगितलं आणि आजूबाजूच्या पाच-सहा विड्या विझल्या. शाळेत इतकं लक्ष देऊन कोणी ऐकत नाही.

दहा वाजता जनरेटर सुरू झाला. मोठ्या बॅटरीला ही वायर म्हणजे रांजणाला वाटीने पाणी. सहा-सात तास तरी लागणार होते. लाइन पाचला हलणार होती.

"पण बसली कशी ही?" मी विचारलं. "डायनामो चांगला आहे, वायरी चांगल्या आहेत. इंजिन बंद असताना काय चालू होतं?"

"टेप."

"चार दिवस गाणी ऐकत होतास?"

"गाणी कुठली," दादा म्हणाला आणि पाणी आणायला गेला.

मी केबिनमध्ये चढले. टेपच्या तोंडाशी कॅसेट अर्धी बाहेर होती. तिच्यावर निळ्या शाईत माझं अक्षर. डॅशबोर्डच्या कप्प्यात बाकीच्या, सगळ्या, फडक्यात गुंडाळलेल्या, तारखेवार लावलेल्या. मी त्या तशाच ठेवल्या आणि खाली उतरले.

दुपारी धपाटे खाल्ले. काकांनी घरून कोळंबीचं कालवण आणलं होतं, ते धपाट्याबरोबर खाऊन पाहिलं. जमत नाही, पण तिघांनीही वाईट म्हटलं नाही. बॅटरीतून बारीक बुडबुडे यायला लागले होते. मी मध्ये मध्ये हात लावून ती तापली का बघत होते. पिचकारीतला तुकडा लालच्या वरच्या काठाला आला होता.

तीनच्या सुमाराला पुढून ओरडा आला, "लाइन हलली." दादा उडी मारून केबिनकडे.

"वायरी लावलेल्या आहेत," मी म्हटलं. "अशा सेल मारलास तर जनरेटर जाईल."

"नंबर जाईल माझा. चावी दे, पाना दे."

चावी आणि पाना दोन्ही माझ्या मुठीत होते. लहानपणी तो माझी मूठ उघडायचा, एकेक बोट. आत्ता तसं काही केलं नाही. नुसता बघत उभा राहिला. पुढच्या चार गाड्या एक गाडीभर सरकल्या आणि थांबल्या. आवई होती. मागचा पंजाबी हसला, "बहनजी ने बचा लिया."

आणि तेवढ्यात जनरेटर गुरगुरून बंद पडला. पेट्रोल संपलं होतं.

दादाने डबा उचलला. काकांनी त्याच्या हातातून घेतला, खाली ठेवला आणि त्यावर बसले.

"गरम मशिनीत पेट्रोल घालाचा नाय. थंड होऊ दे."

"काका, पाच वाजता लाइन..."

"माज्या भावाचा हात जललाय असा. आर्दा तास मी उठत नाय. ढकलतंस तर ढकल."

साठीच्या माणसाला कोण ढकलणार. इतका वेळ कानात भरलेला आवाज थांबल्यावर खाडीचा वारा ऐकू यायला लागला. दादा माझ्याशेजारी येऊन जमिनीवर बसला. बॅटरीकडे बघत म्हणाला,

"नंदा, एक विचारू? त्या शेवटच्या टेपला, दुसऱ्या बाजूला, सुरुवातीलाच. आई म्हणती, 'इलास, लेकरा, मला आता...' अन् मग टक होतं. मग म्हणती, 'इकडं समदं बरं हाय, काम सोडून येऊ नको.' मधी काय होतं?"

मी मुठीतला पाना खाली ठेवला.

"चार दिवस तेवढंच ऐकलो मी. मागं घ्यायची, परत लावायची. वाटायचं, टकच्या आत काही तरी ऐकू येईल. त्यातच बसली ही बॅटरी. शेठला सांगितलंय, जुनी झालीय म्हणून."

मला ते वाक्य आठवत होतं. मी कापलेली सगळीच वाक्यं आठवतात. मी सांगितलं. आई म्हणाली होती, "मला आता तुझं तोंड आठवावं लागतंय, लेकरा. डोळ्यांपुढं येईना. कोण बी दारात उभं ऱ्हायलं की तूच वाटतो. एकदा ये की." आणि रडायला लागली होती. मी बटण दाबलं होतं.

"का?"

"तुला काळजी लागेल म्हणून." मग खरं तेच सांगितलं. "ऐकायला बरं नव्हतं ते. मला चांगलं हवं होतं."

पेट्रोलच्या डब्यावर काका खाडीकडे तोंड करून बसले होते, आम्हाला पाठमोरे.

"मला वाटायचं, आता तिथं माझी गरज नाही," दादा म्हणाला. "तू हायस. पगार हाय. टेपवर आई दर वेळी म्हणायची, येऊ नको. आईच म्हणती तर कशाला जायचं? गेलो तर तुझ्या शाळेतले मास्तर येणार, मी लुंगीवर बसणार. एवढंच."

मी त्याला म्हणू शकले असते की माझ्या पदवीत त्याची दहावी आहे. ते मी किती तरी भाषणांत म्हटलं आहे. तिथे म्हणवलं नाही. मी म्हटलं, "चुकले मी."

"हां," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "चटणी चांगली झालीय."

काका उठले. मशिनीला हात लावून पाहिला, नरसाळ्याने पेट्रोल घातलं, सांडलेला थेंब पुसला, दोरी ओढली. इतका वेळ बॅटरी लवकर भरावी म्हणून मी घड्याळ बघत होते. त्यानंतर मी घड्याळ बघितलं नाही. दादा आईचं एकेक विचारत होता. सुईत दोरा कोण ओवतं? आजूबाजूची पोरं. गोधडीला रंग कसे लावते? कापडाला हात लावून, पण परवा लालच्या जागी हिरवं लागलं. तो हसला. मला वाटलं, ही बॅटरी अजून दोन दिवस भरत राहिली तरी चालेल.

पावणेपाचला पुढून शिट्ट्या आल्या. या वेळी खऱ्या. तुकडा हिरव्यापर्यंत गेला नव्हता, पांढऱ्या पट्टीच्या मध्यावर होता. काकांनी जनरेटर बंद केला. वायरी काढल्या, आधी तिकडच्या, मग इकडच्या. झाकणं लावली. वारा लागू दिला. शेवटी वजाची वायर मी माझ्या हाताने घट्ट केली आणि चावी दादाला दिली.

पहिल्या वेळी इंजिन नुसतं कण्हलं. दादाने हात काढला, श्वास घेतला, पुन्हा फिरवली. दुसऱ्या वेळी धडधडलं आणि सगळा रस्ता हादरला. मागच्या-पुढच्या लोकांनी आरोळी दिली. काकांनी फक्त वायरी गुंडाळल्या.

दादाने खिडकीतून हात बाहेर काढला. हातात ती कॅसेट होती.

"तुझ्याकडं ठेव. नाही तर आत उभा ऱ्हायलो की परत लावीन मी."

रांग सरकत सरकत गेली, आणि त्याची गाडी बंदराच्या फाटकातून आत गेली.

गावी

तो रात्री उशिरा रिकामा बाहेर आला, गाडी कळंबोलीला शेठकडे लावली आणि रविवारी सकाळी आम्ही पनवेलला एसटीत बसलो. घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. आई उंबऱ्यात होती. दादा तिच्यासमोर उभा राहिला. तिने विचारलं, "कोण?" त्याने हात पुढे केला. तिने हात धरून त्याला बल्बखाली ओढलं, स्वतःचं तोंड त्याच्या तोंडाच्या वीतभर अंतरावर नेलं आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत बघत राहिली.

"कानावर पिकलास की रे," म्हणाली.

मंगळवारी ऑपरेशन झालं. एक डोळा, दुसरा पुढच्या वर्षी. दादा चार दिवस राहिला आणि गेला. त्याला रोज भरायची गाडी आहे, मला शाळा आहे. आईला आता दोरा ओवता येतो, आणि ती मोकळ्या रस्त्याकडे जरा जास्त वेळ बघत बसते.

परवा तिने स्वतःच दादासाठी कोरी कॅसेट मागितली. मी टेप तिच्यासमोर ठेवला, बटण दाबलं आणि बाहेर जाऊन अंगणात उभी राहिले. आतून काही तरी ऐकू येत होतं, नीट नाही. एक बाजू संपली की बटण आपोआप वर येतं, त्याचा आवाज येतो. तो येईपर्यंत मी आत गेले नाही.